ट्रॅव्हल टीममध्ये निवड झाली? पैसे भरण्याआधी एवढं तपासा

बारा वर्षांच्या मुलांच्या बेसबॉलसाठी अमेरिकेत दोन गावं प्रसिद्ध आहेत. पहिलं पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. तिथं दर ऑगस्टमध्ये लिटल लीग वर्ल्ड सिरीज भरते. तिथं पोचायचं तर गावच्या लीगमधून निवडलेल्या मुलांना जिल्हा, राज्य, विभाग अशी एकेक पायरी जिंकत जावं लागतं. शेवटी 20 संघ उरतात, त्यातले दहा अमेरिकेतले. त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च लिटल लीग संस्था उचलते आणि प्रेक्षकांना तिकीटही नसतं.

दुसरं गाव न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाऊन, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं. तिथं उन्हाळाभर बारा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा चालतात आणि दर आठवड्याला नवे संघ येतात. त्यासाठी कुठली पात्रता फेरी जिंकावी लागत नाही. संघानं नाव नोंदवायचं, माणशी पैसे भरायचे, की झालं. मुलं बराकीत एकत्र राहतात, आपापल्या संघाचे पिन एकमेकांत बदलतात आणि जाताना प्रत्येकाला स्पर्धेची अंगठी मिळते. धमाल येते, यात शंका नाही. पण ‘आमचा मुलगा कूपर्सटाऊनला खेळून आला’ असं पुण्याला फोनवर सांगितलं, की आजी-आजोबांना ते विल्यम्सपोर्टसारखंच ऐकू येतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतला मुलांचा खेळ विल्यम्सपोर्टकडून कूपर्सटाऊनकडे सरकला आहे. बेसबॉलच नव्हे, सॉकर, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, आइस हॉकी, सगळीकडे हीच गत. पूर्वी गावातली बरीचशी मुलं रेक लीगमध्ये, म्हणजे नाव नोंदवेल त्याला घेणाऱ्या साध्या लीगमध्ये खेळत. त्यातली मोजकी, खरोखर चमकणारी मुलं ट्रॅव्हल टीममध्ये जात आणि शेजारच्या गावांशी सामने खेळत. आज एकाच क्लबात एका वयोगटाचे तीन-तीन, चार-चार संघ असतात. ट्रायआउटला, म्हणजे निवडचाचणीला, आलेल्या बहुतेकांना कुठे ना कुठे जागा मिळते. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्ससमधल्या फ्रिस्कोपर्यंत आणि बे एरियापर्यंत पसरलेल्या मराठी घरांत दर मे-जूनमध्ये ‘निवड झाली’ म्हणून पेढे वाटले जातात, त्यामागचं वास्तव हे आहे.

यात क्लबांचा कावा आहे असं नाही. हिशोबच तसा आहे. समजा एका क्लबची वर्षाची फी 2,500 डॉलर आहे आणि संघात 16 मुलं आहेत. एका संघाचे झाले 40,000 डॉलर. त्यातून मैदानाचं भाडं, कोचचा पगार, लीगची फी, विमा आणि पंच भागवायचे, म्हणजे हाताशी फार काही उरत नाही. आता त्याच वयोगटात ‘बी’ आणि ‘सी’ संघ काढले, की 48 मुलं आणि 1,20,000 डॉलर. मैदान घेतलेलंच असतं, ऑफिस तेच असतं, आणि खालच्या संघाला शिकवायला कॉलेजातला एखादा होतकरू खेळाडू कमी पैशांत मिळतो. वरच्या संघातल्या दोन गुणी पण गरजू मुलांची फी माफ करायची असेल, तर तो पैसाही इथूनच येतो. महाराष्ट्रातल्या कोचिंग क्लासचं गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमगेल. जाहिरातीत फोटो पहिल्या बॅचचे, भाडं निघतं ते बाकीच्या बॅचच्या फीमधून.

मागणीही कमी नाही. शेजारचा मुलगा ट्रॅव्हल टीममध्ये गेला की आपला मागे पडेल, ही धास्ती. त्यात एखाद्या बाबाला वाटतं आपल्या मुलावर अन्याय झाला, मग तो चार पालकांना हाताशी धरून नवा क्लब काढतो. नावात ‘एलिट’, ‘प्रीमियर’, ‘सिलेक्ट’ किंवा ‘अकॅडमी’ हवंच. हे शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे नाव मोठं आणि लक्षण खोटं असा प्रकार फार. पैसेवाल्यांचंही लक्ष आता इकडे वळलं आहे. आयएमजी अकॅडमी ही खेळाडू घडवणारी निवासी शाळा 2023 मध्ये सव्वा अब्ज डॉलरना विकली गेली. गावोगावच्या नगरपालिकांना खेळाडू कुटुंबं म्हणजे हॉटेलात राहणारे पाहुणे वाटू लागले आहेत. इंडियानातल्या वेस्टफील्ड गावानं 2014 मध्ये ग्रँड पार्क उघडलं, त्यात बेसबॉल-सॉफ्टबॉलची 26 मैदानं आणि सॉकर वगैरेची 31. एवढी मैदानं दर शनिवार-रविवारी भरायची तर संघ लागतात, आणि संघ भरायला मुलं.

सॉकरमध्ये तर लीगच्या नावांनीच पालकांना चक्कर येते. अमेरिकन सॉकर फेडरेशननं 2007 मध्ये डेव्हलपमेंट अकॅडमी सुरू केली होती, ती एप्रिल 2020 मध्ये बंद पडली. त्या जागी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आली, मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी आली. मुलींची ईसीएनएल 2009 पासून होतीच, तिनं पुढे मुलांचाही विभाग काढला आणि खाली रीजनल लीगही जोडली. एमएलएस नेक्स्टमध्येही आता दोन थर आहेत. प्रत्येक थर स्वतःला राष्ट्रीय दर्जाचा म्हणवतो. वरच्या लीगचं बोधचिन्ह क्लबच्या वेबसाइटवर झळकत असतं, पण आपला मुलगा ज्या संघात आहे तो संघ त्या लीगमध्ये असेलच असं नाही. त्यामुळे पालकांनी पहिला प्रश्न विचारायचा तो क्लबबद्दल नको, संघाबद्दल हवा: ‘हा संघ, या वयोगटाचा, येत्या मोसमात नेमका कुठल्या लीगच्या कुठल्या विभागात खेळणार आहे?’

मराठी पालकांची इथं एक वेगळी पंचाईत होते. त्यांच्या डोक्यात निवड म्हणजे मुंबईच्या 16 वर्षांखालच्या क्रिकेट संघाची निवड. आझाद मैदानावर नाहीतर क्रॉस मैदानावर उन्हात शेकडो मुलं रांगेत, दोन-चार चेंडू खेळायला मिळणार, यादीत नाव आलं तर आलं. नाव आलं की पुढचा खर्च असोसिएशनचा. सौरभ नेत्रावळकर याच चाळणीतून गेला. 2010 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, पुढे मुंबईकडून रणजीही खेळला, आणि तरीही त्यानं कॉर्नेलला जाऊन संगणकशास्त्रात मास्टर्स केलं. 2024 च्या टी-20 विश्वचषकात न्यूयॉर्कला त्यानं अमेरिकेकडून कोहली आणि रोहित शर्माला बाद केलं, तेव्हा तो ऑरॅकलमध्ये इंजिनीअर होता. एवढी कडक निवड पाहिलेल्या घरात ‘सिलेक्ट टीम’ हे शब्द कानावर पडले की ऊर भरून येणारच.

अमेरिकेत खरी कडक निवड अजूनही आहे. ती ओळखायची एक ढोबळ खूण अशी, की तिथं पालकांकडे सहसा पैसे मागत नाहीत. एमएलएस या व्यावसायिक सॉकर लीगमधल्या संघांच्या स्वतःच्या अकॅडम्यांत बहुतेक ठिकाणी मुलांना फी नसते. वेस्टन मॅकेनी आणि रिकार्डो पेपी हे दोघं अमेरिकन सॉकरपटू एफसी डॅलसच्या अकॅडमीतून पुढे आले. तिथं क्लब मुलावर पैसे लावतो, म्हणून तो मूल नीट पारखून घेतो. जिथं मूल क्लबला पैसे देतं, तिथं नाही म्हणणं क्लबला महाग पडतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. शनिवारी ट्रायआउट असतो. छातीवर नंबर लावलेली साठ-सत्तर मुलं, क्लिपबोर्ड घेतलेले तीन कोच, दीड तास खेळ. ओळखीच्या काही मुलांना जागा आधीच कबूल झालेल्या असतात, ते कुणी बोलून दाखवत नाही. सोमवारी रात्री मेल येतो. पहिली ओळ अभिनंदनाची, दुसरी मुलाच्या गुणवत्तेची. हरभऱ्याच्या झाडावर चढवून झालं की तिसऱ्या ओळीत डिपॉझिटची लिंक, मुदत 48 तास. खाली बारीक अक्षरात असतं ते असं: डिपॉझिट परत मिळणार नाही, मुलाला दुखापत झाली किंवा कुटुंब दुसऱ्या गावी गेलं तरी वर्षाची पूर्ण फी द्यावी लागेल, युनिफॉर्मचा संच वेगळा, स्पर्धांची फी वेगळी, कोचचा प्रवासखर्च सगळ्या कुटुंबांत वाटून, आणि काही स्पर्धांना आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरायचं, मामाचं घर दहा मैलांवर असलं तरी.

या 48 तासांत घाई करू नये. क्लबला फोन करून किंवा मेलनं काही गोष्टी विचारता येतात, आणि चांगला क्लब उत्तरं देतो. ट्रायआउटला किती मुलं आली, किती घेतली, किती संघ झाले? सत्तर आली आणि अडुसष्ट घेतली असतील तर ती निवड नव्हे, वाटणी आहे. काही प्रामाणिक क्लब हे स्वतःच सांगतात, की आमच्याकडे सगळ्यांना घेतलं जातं, ट्रायआउट फक्त संघ ठरवायला. अशा क्लबांबद्दल उलट विश्वास वाटायला हरकत नाही. मराठीत अशा भरतीला खोगीरभरती म्हणतात, पण दहा वर्षांच्या मुलाबद्दल तो शब्द वापरू नये. दोष पोराचा नसतो.

मग कोच. क्लबच्या वेबसाइटवरचा संचालक पूर्वी परदेशात व्यावसायिक खेळलेला असेल, पण मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता मैदानावर कोण असणार? त्याचं नाव, त्याचा परवाना, आणि तो एकूण किती संघ सांभाळतो हे विचारावं. तीन-चार संघ एकाच माणसाकडे असतील तर शनिवारी त्याचे सामने एकमेकांवर येणार आणि आपल्या संघाला कुणीतरी बदली कोच मिळणार. शिवाय राष्ट्रीय क्रीडा संघटनांशी जोडलेल्या कोचवर गैरवर्तनाची कारवाई झाली असेल, तर त्याचं नाव यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टच्या ऑनलाइन यादीत कुणालाही शोधता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक पालक ते करत नाहीत.

सगळ्यात मोठा प्रश्न मैदानावरच्या वेळेचा. अमेरिकेत सॉकरमध्ये 11-12 वर्षांखालची मुलं नऊ विरुद्ध नऊ खेळतात. संघात 16 मुलं घेतली, तर कुठल्याही क्षणी सात बाकावर. त्याखालच्या, 9-10 वर्षांखालच्या गटात सात विरुद्ध सात असतं, तिथं बारा मुलांचा संघ पुरे होतो. संघ जितका फुगवलेला तितका बाक लांब, आणि फी मात्र बाकावर बसणाऱ्यालाही तेवढीच. म्हणून प्रत्येकाला किमान किती वेळ खेळवणार हे लेखी मागावं. ‘मुलाच्या मेहनतीवर अवलंबून’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ठरलेलं काही नाही. रविवारी सकाळी सहाला उठून दोन तास गाडी हाकायची, मागच्या सीटवर धाकटी बहीण आयपॅड घेऊन कंटाळणार, रविवारची मराठी शाळा बुडणार, आणि मुलगा अकरा मिनिटं खेळणार. हे सौदे आनंदानं करणारी घरं आहेत, पण कळून-सवरून केलेला सौदा आणि मागाहून कळलेला सौदा यात फरक पडतो.

एक सोपी तपासणी घरबसल्या होते. बहुतेक लीगचे निकाल आणि गुणतक्ते ऑनलाइन असतात. त्या संघाचे मागच्या मोसमातले निकाल पाहावेत. दर आठवड्याला 0-7, 1-8 असे पराभव दिसले तर त्या संघाला फुगवून वरच्या विभागात ढकललंय. दर आठवड्याला 8-0 जिंकत असेल तर मुलं शिकत नाहीत, नुसती खूश होतात. एक-दोन गोलच्या फरकाचे सामने जास्त असतील तो संघ बरा. आणि मागच्या वर्षी ‘बी’मधून ‘ए’मध्ये किती मुलं गेली हेही विचारावं. एकही गेलं नसेल तर ‘यंदा बी, पुढच्या वर्षी ए’ हे आश्वासन कागदावरच राहणार.

सॉकर खेळणाऱ्या घरांनी यंदा आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. 2017 पासून वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे 1 जानेवारीपासून मोजले जात होते. 2026-27 च्या मोसमापासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि आयसो या संस्था 1 ऑगस्ट ते 31 जुलै अशी मोजणी करणार आहेत. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल, जे आजवर गटातल्या लहानांत होतं, ते आता मोठ्यांत जाईल. या वयात सहा-आठ महिन्यांनी उंची आणि ताकदीत बराच फरक पडतो. जानेवारीत जन्मलेला ‘स्टार’ आणि नोव्हेंबरमधला ‘कच्चा’ यांच्यातलं अंतर कधी कधी कॅलेंडरचं असतं. म्हणून यंदाच्या ट्रायआउटमधल्या ‘ए’ किंवा ‘बी’वरून मुलाच्या खेळाबद्दल कायमचं मत बनवणं चूक ठरेल.

स्कॉलरशिपचं बोलायचं तर आकडे रोखठोक आहेत. कॉलेज क्रीडा संघटना एनसीएए स्वतः सांगते, की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण 2 टक्क्यांना कॉलेजची खेळाची स्कॉलरशिप मिळते, आणि ती बऱ्याचदा अर्धवट असते. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. आयव्ही लीगही देत नाही. खेळामुळे प्रवेशाला मदत होऊ शकते हे खरं, पण त्या आशेपायी लोक कुठवर जातात ते 2019 च्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ या कॉलेजप्रवेशातल्या लाचखोरीच्या प्रकरणात दिसलं. कधी होडीत न बसलेली मुलं कागदोपत्री रोइंगपटू झाली होती. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’च्या पाहणीत 2024 मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी खर्च 1,016 डॉलर निघाला, 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. ही सगळ्या प्रकारच्या खेळाडूंची सरासरी आहे. क्लबमधल्या मुलाचा हिशोब हॉटेल-पेट्रोलसकट याच्या कितीतरी पुढे जातो. दरवर्षी अडीच हजारांप्रमाणे दहा वर्षांचे 25,000 डॉलर नुसत्या फीचे. कॉलेजसाठीच पैसे लावायचे असतील तर 529 हे शिक्षणासाठीचं बचतखातं जास्त भरवशाचं.

शरीराचं गणित तर याहून महत्त्वाचं. संघ वाढले तसे सामने वाढले, मोसम बारमाही झाला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीचा सल्ला आहे, की एकाच खेळात झोकून देणं 15-16 वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने तो खेळ बंद ठेवावा. बेसबॉलसाठी ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक तत्त्वांत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 पिचची, म्हणजे चेंडूफेकींची, मर्यादा आहे, आणि 66 किंवा त्याहून जास्त झाल्या की चार दिवस विश्रांती. अडचण अशी, की मूल दोन संघांत खेळत असेल तर प्रत्येक कोच आपल्याच पिच मोजतो. दोन्हींची बेरीज पालकांनीच ठेवायची. क्लबला वर्षभर मैदान भरायचं असतं, कोपर मात्र मुलाचं जातं. डिसेंबरात महिनाभर भारतात जायचं असेल तर ते ट्रायआउटआधीच सांगावं आणि जावं. मूल त्या महिन्यात मागे पडत नाही.

मग ट्रॅव्हल टीमचा नादच सोडावा का? तसं म्हणणं बरोबर होणार नाही. कित्येक गावांत बारा वर्षांनंतर रेक लीगच उरलेली नाही, कारण सगळे ट्रॅव्हलकडे गेले. तिथं ‘सी’ संघाची फी म्हणजे खेळायला मिळण्याची फी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मूल स्वतःहून तयार होऊन दाराशी बसत असेल, कोच चांगला असेल, संघ छोटा असेल, सामने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात असतील, तर ‘बी’ काय आणि ‘सी’ काय, ते वर्ष सार्थकी लागतं. मोठ्या क्लबच्या तिसऱ्या संघापेक्षा छोट्या क्लबच्या पहिल्या संघात खेळणं पुष्कळदा बरं, कारण तिथं मुख्य कोचची नजर मुलावर पडते.

पर्यायही आहेत. 1964 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आयसोमध्ये प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवायचा नियम आहे. लिटल लीग अजून गावोगाव आहे. वायएमसीए आहे, उन्हाळ्यातल्या पोहण्याच्या लीग आहेत. हायस्कूलमध्ये क्रॉस कंट्री आणि ट्रॅकसाठी बऱ्याच शाळा कुणालाही वगळत नाहीत, तिथं सगळ्यांना घेतात. टेनिस आणि बॅडमिंटनमध्ये ट्रॅव्हल क्लबची गरजच नसते. क्रिकेट 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये येत असल्यानं मराठी पालकांचा ओढा क्रिकेट अकॅडम्यांकडे वाढेल, पण तिथंही फी भरून प्रवेश असेल तर वरचे सगळे प्रश्न जसेच्या तसे लागू होतात.

मुलाशी काय बोलायचं, हेही ठरवून ठेवावं. ‘सी’ संघात जागा मिळाली आणि घरात सोहळा झाला, तर मुलाला कळतं की आई-बाबांना काही माहीत नाही. मैदानावर कोण कुठल्या संघात आहे हे मुलांना मोठ्यांपेक्षा आधी ठाऊक असतं. त्यापेक्षा सरळ सांगावं: हा संघ शिकण्यासाठी आहे, आठवड्यातून तीन दिवस खेळायला मिळणार आहे, आवडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बघू. आणि वर्ष संपताना पहिला प्रश्न ‘वर कधी जाणार?’ असा नको, ‘अजून खेळायचंय का?’ असा हवा.

येत्या ट्रायआउटच्या आधी एवढं तरी करा. ज्या संघात मूल जाण्याची शक्यता आहे, त्या संघाच्या दोन साध्या प्रॅक्टिस कुंपणाबाहेर उभं राहून पूर्ण बघा. कोच मुलांची नावं घेऊन बोलतो का, मुलं किती वेळ रांगेत उभी राहतात आणि किती वेळ चेंडू पायात असतो, चुकलेल्या मुलाला तो काय म्हणतो, एवढंच पाहा. क्लब बघू देत नसेल तर डिपॉझिट भरू नका.